खूण कशावर करायची?

दहावीचा निकाल लागून आठवडा उलटला होता. ठाण्याच्या चरईतल्या बहिणीच्या घरी गेले, तेव्हा दिवाणखान्यातल्या टीपॉयवर भाचीचा अहवाल ठेवलेला दिसला. अहवाल म्हणजे गुणपत्रिका नव्हे. अकरावीला कोणती शाखा घ्यावी हे ठरवण्यासाठी तिला एका समुपदेशन केंद्रात नेऊन जी चाचणी करवली होती, तिचे निष्कर्ष सांगणारी, गुळगुळीत कागदाची, स्पायरल बांधणीची जाडसर वही. आत रंगीत वर्तुळे होती, कमीअधिक उंचीचे खांब होते आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तिचे नाव छापलेले होते, त्याचे तिला विशेष अप्रूप वाटत होते. व्यक्तिमत्त्वाची पाने झाली, कौशल्यांची झाली आणि शेवटी मूल्यांचे पान आले. त्यावर प्रामाणिकपणा, स्थैर्य, प्रतिष्ठा, साहस, पैसा, समाजसेवा, स्वातंत्र्य, कुटुंब असे शब्द चौकटींसह मांडले होते आणि स्वतःला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या तीन शब्दांवर खूण करायची होती. भाचीने प्रामाणिकपणा, स्वातंत्र्य आणि समाजसेवा निवडले होते. हेच तीन का, असे मी सहज विचारले. "मावशी, पैशावर खूण केली असती तर त्या मॅडमना काय वाटलं असतं?" ती म्हणाली, आणि पेन माझ्यापुढे धरून तिने विचारले, "तू कुठल्या तीनवर केली असतीस?"

मी पेन घेतले आणि त्या शब्दांवरून दोनदा नजर फिरवली. स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, "तिला काय विचारतेस, तिचं आयुष्य काचेच्या नळ्या धुण्यात गेलं." आम्ही तिघीही हसलो, तेवढ्यात चहा आला आणि वही बाजूला सरकवली गेली.

मला उत्तर सुचले नव्हते, हे त्या हसण्यात कोणाच्या लक्षात आले नाही.

परत जाताना तलावपाळीवरून चालत होते. पावसाआधीचा तो चिकट उकाडा, मासुंदा तलावाच्या पाण्याचा शेवाळी वास, भेळेच्या गाडीवर चिरलेल्या कांद्याचा आणि कैरीचा वास, आणि या सगळ्यांत डोक्यात घोळणारी ती यादी. त्या यादीतला कोणताही शब्द नाकारण्यासारखा नव्हता, हीच तिची अडचण होती. प्रामाणिकपणा नको असे कोण म्हणेल? आणि कुटुंबावर खूण न करणारी बाई आपल्याकडे लोकांना कशी दिसेल? माणसे नोकऱ्या सोडतात किंवा वर्षानुवर्षे चिकटून राहतात ती ज्या कारणांनी, ती कारणे त्या पानावर नव्हतीच. दुपारचे दोन तास कोणी मध्येमध्ये हाक न मारता काम करता यावे. वरिष्ठाने चारचौघांत आवाज चढवू नये. आपण केलेले काम दुसऱ्याने न विचारता बदलू नये. सहाच्या गाडीने घरी पोचता यावे. महिनाअखेरीस कोणाकडे हात पसरावा लागू नये. सकाळी उठल्यावर आज काय करायचे आहे हे ठाऊक असावे, किंवा अगदी उलट, ते ठाऊक नसावे. अशी यादी कोणी छापत नाही, कारण ती अहवालात शोभणार नाही. माझ्या ओळखीतले जे लोक नोकरीत कोमेजले, ते मात्र यांतल्याच एखाद्या किरकोळ दिसणाऱ्या गोष्टीपायी कोमेजले.

आमचे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर धातूचे भाग कातणारे कारागीर होते. औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत वागळे इस्टेटला आकाराला आली. पुढची काही दशके ठाण्यातल्या मराठी घरांत पाळी, ओव्हरटाइम, बोनस आणि संप हे शब्द आमटी-भाताइतके रोजचे होते. वडिलांना कोणी त्यांची मूल्ये विचारली नव्हती. नात्यातल्या एकाची गेटवर ओळख होती, जागा निघाली, ते उभे राहिले आणि लेथ त्यांना लाभली. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचणाऱ्या त्या माणसाचा खरा विश्वास मात्र स्वतःच्या अंगठ्यावर होता. चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, जॉब उतरवला की ते त्याच्या कडेवरून अंगठा अगदी हलका फिरवत आणि डोळ्यांना न दिसणारी, धातूची उभी राहिलेली बारीक कड त्यांना तिथे लागे. ती सवय घरातही उतरली होती. नवीन स्टीलचे ताट आणले की जेवण वाढण्याआधी ते काठावरून अंगठा फिरवत. आमच्या अभ्यासाच्या टेबलाचा कोपरा त्यांनी सुट्टीच्या दिवशी कानशीने घासून गोल केला होता. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावरही त्यांचा अंगठा सोफ्याच्या लाकडी हातावर आपोआप सरकू लागे आणि आई डोळ्यांनी त्यांना दटावत असे.

पुढे त्यांना सुपरवायझर केले. पगार वाढला, निळ्या कपड्यांऐवजी पांढरा शर्ट आला, आईने आळीत पेढे वाटले. आता त्यांना कोण किती वाजता आला याची नोंद ठेवायची होती, खाडे करणाऱ्याला जाब विचारायचा होता आणि कालपर्यंत शेजारच्या मशिनवर उभे राहून डबा वाटून खाल्लेल्या माणसाचे उत्पादन कमी का, हे वर जाऊन सांगायचे होते. हातांना कूलंटचा वास येईनासा झाला आणि वडील घरी येऊन बोलेनासे झाले. त्यांना माणसे आवडत नव्हती असे नाही. माणसांना टोकणे त्यांच्या स्वभावात नव्हते. जे कौशल्य पाहून बढती दिली, त्या कौशल्याचा नव्या कामात काडीचा उपयोग नव्हता, आणि जो स्वभाव तिथे लागत होता, तो त्यांच्याकडे आहे का, हे कोणी पाहिले नव्हते. मधल्या सुट्टीत ते कोणाच्या तरी लेथपाशी जाऊन उभे राहत, असे त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने मला फार पुढे सांगितले. त्यांनी ती बढती नाकारायला हवी होती का, याचे उत्तर मी आजही देऊ शकत नाही, कारण माझ्या बी.एस्सी.ची फी त्याच वाढलेल्या पगारातून भरली गेली. कुटुंब या चौकटीवर त्यांनी खूण केली होती म्हणावे तर ते खरेच आहे. पण त्या खुणेसाठी त्यांनी दिलेली किंमत कोणत्याही अहवालाच्या खांबांत मावणारी नव्हती.

माणसाने स्वतःला ओळखावे आणि मग काम निवडावे, ही कल्पना जुनी वाटते, पण तिचे शास्त्र फारसे जुने नाही. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थाने 1908 साली तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारे एक कार्यालय उघडले. त्याच वर्षी तो वारला आणि त्याचे या विषयावरचे पुस्तक 1909 मध्ये, त्याच्या पश्चात निघाले. त्याचे म्हणणे साधे होते: स्वतःची पात्रता, आवडी, मर्यादा नीट जाणून घ्या, कामांची माहिती, म्हणजे त्यांत काय लागते, काय मिळते, काय सोसावे लागते, ती मिळवा, आणि मग या दोहोंचा मेळ डोके शांत ठेवून घाला. गंमत अशी की हा मनुष्य स्वतः इंजिनिअर होता, शिक्षक होता, वकीलही होता. एकाच जागी रुजलेला माणूस हा प्रश्न इतक्या तळमळीने विचारू शकला असता का, अशी मला शंका आहे. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, 1959 मध्ये, जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने आपली उपपत्ती मांडली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घेण्याचे काम त्याच्याकडे होते आणि शेकडो माणसांच्या कामाच्या कहाण्या ऐकता ऐकता त्या मोजक्या साच्यांत बसतात, असे त्याला वाटू लागले. त्याने सहा साचे सांगितले: वस्तू आणि अवजारे हाताळण्यात रमणारे, शोध घेत बसणारे, कलावंत, माणसांना मदत करणारे, माणसांना पटवून पुढे नेणारे आणि नोंदी व व्यवस्था चोख ठेवणारे. आज आपल्या मुलांना जे रंगीत अहवाल मिळतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी हॉलंडचे हे सहा कप्पे कोठे ना कोठे असतात. भाचीच्या अहवालात मदत करणाऱ्यांचा खांब सर्वांत उंच होता आणि त्याच्या जोरावर मानसशास्त्र, अध्यापन आणि फिजिओथेरपी अशी तीन नावे सुचवली होती.

हॉलंडच्या मांडणीतला अर्धा भाग या वह्यांत हरवतो, असे मला वाटते. त्याने कप्पे केवळ माणसांचे केले नव्हते, कामाच्या जागांचेही केले होते. एकाच पदव्या घेतलेल्या दोन माणसांना दोन वेगळ्या जागी ठेवले तर एक फुलतो आणि एक सुकतो, हे त्या जागेत कोणत्या प्रकारची माणसे भरली आहेत यावर पुष्कळसे अवलंबून असते. पण जागेची चाचणी घेणार कोण आणि तिची फी भरणार कोण? पंधरा वर्षांच्या मुलीला कामे ठाऊक असतात ती नावांनी. मानसशास्त्र म्हणजे शांत खोली आणि समजूतदार आवाज, असे चित्र तिच्या डोळ्यांसमोर असते. त्या खोलीबाहेरच्या नोंदी, अहवाल, वेळेवर न येणारे आणि आले की तेच तेच सांगणारे लोक, हे तिला कसे दिसणार? आपल्या राज्य मंडळाने काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती आणि तिच्यात कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य यांच्याबरोबर गणवेशधारी सेवा असेही एक क्षेत्र होते. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचा कल त्या क्षेत्राकडे निघाला, तेव्हा घरचे चकित झाले. चौकशी केल्यावर कळले की त्याला गणवेशापेक्षा शिस्तबद्ध कवायत आवडत होती आणि ती त्याने फक्त 26 जानेवारीला दूरदर्शनवर पाहिली होती. अशा चाचण्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही; घरात ज्या विषयावर केवळ भांडण होते, त्यावर त्यांच्या निमित्ताने बोलणे तरी होते. मात्र त्या आवड मोजतात, आणि तीही ऐकीव गोष्टींची आवड.

स्वभावाच्या चाचण्यांचे याहून विचित्र आहे. चार अक्षरांत माणूस सांगणारी आणि सगळ्या जगाला सोळा प्रकारांत बसवणारी ती प्रसिद्ध चाचणी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या 1921 सालच्या ग्रंथातल्या कल्पनांवरून एका अमेरिकी मायलेकीने रचली. आता ऐरोलीच्या आयटी पार्कमधली तरुण मुले लग्न जमवतानासुद्धा ती अक्षरे एकमेकांना सांगतात, पत्रिकेइतक्याच गंभीरपणे. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर कित्येकांचे एखादे तरी अक्षर बदलते, हे त्यांना सांगून उपयोग नसतो. स्वभावाला औषध नाही असे आपण म्हणतो, आणि तो चाचणीगणिक बदलतो हेही सोयीस्करपणे चालवून घेतो.

मी रबाळ्याच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीचे काम केले. ठाणे-वाशी लोकल 2004 मध्ये सुरू झाली. त्याआधी कळव्यावरून बस आणि पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली साचलेले पाणी. हे काम मी निवडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; रसायनशास्त्राची पदवी होती आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने होते. पण तिथे गेल्यावर मला माझ्याविषयी एक गोष्ट कळली, जी कोणत्याही परीक्षेत कळली नव्हती. ब्युरेटची, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या उभ्या काचनळीची, तोटी डाव्या हाताने धरून, उजव्या हाताने फ्लास्क हलवत, एकेक थेंब सोडत बसावे. थेंब पडला की द्रावणात गुलाबी रंग उठावा आणि हलवताच विरून जावा. मग तो विरायला उशीर लावू लागे, तेव्हा श्वास आपोआप धरला जाई. आणि एका थेंबाला ती फिकट, जेमतेम दिसणारी गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकून राही. मग डोळे पातळीवर आणून द्रवाच्या खालच्या वक्ररेषेवर आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. हे दिवसातून कितीही वेळा करण्याचा मला कंटाळा आला नाही. माझ्याबरोबर लागलेली एक मुलगी, माझ्याहून हुशार, सहा महिन्यांत वैतागून विक्री विभागात गेली आणि तिथे तिने नाव काढले. आमच्या दोघींच्या पदव्या एक, कॉलेज एक, हाताची सफाईसुद्धा सारखीच. फरक एवढाच होता की तासभर कोणी बोलले नाही तर तिला गुदमरल्यासारखे होई आणि मला दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटे. मी माणूसघाणी आहे असा घरच्यांचा समज होता. प्रयोगशाळेत मात्र मला स्थिर हाताची बाई म्हणत. गुण तोच होता, त्याला जागा मिळाली होती.

एका महिनाअखेरीस एका बॅचची शुद्धता कमी आली. मर्यादा किमान 99.0 टक्क्यांची होती आणि माझ्या हाती 98.7 येत होते. उपकरण तपासले, द्रावण नवे करून त्याची तीव्रता पुन्हा काढली, दुसऱ्या सहकाऱ्याकडून स्वतंत्रपणे करवले. आकडा तोच राहिला. उत्पादन विभागाचे साहेब खाली आले. ते ओरडले नाहीत, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, अजून एकदा लावून बघा ना. कधी कधी येतं वर." टँकर गेटवर उभा होता. त्यांचे म्हणणे पूर्ण खोटेही नव्हते, कारण पुरेशा वेळा तपासले तर एखादा आकडा वर येतोच, आणि तेवढाच जपून बाकीचे विसरले की बॅच उत्तीर्ण होते. अमेरिकेत 1993 मध्ये एका औषध कंपनीविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने नेमक्या याच वागण्यावर बोट ठेवले आणि कारण न शोधता उत्तीर्ण होईपर्यंत तपासत राहणे चालणार नाही, असे बजावले, हे माझ्या वाचनात पुष्कळ नंतर आले. त्या दुपारी माझ्यापाशी असे कोणते तत्त्व नव्हते. मला फक्त संताप आला होता, आणि तोही समाजाची फसवणूक होईल वगैरे विचाराने नव्हे. इतक्या सावकाश, इतक्या निगुतीने काढलेल्या आकड्याला कोणीतरी सौदा करण्याची वस्तू समजत होते, याचा तो संताप होता. मी 98.7 लिहिले आणि सही केली. बॅच पुन्हा प्रक्रियेला गेली, टँकर रिकामा परतला, आणि त्या वर्षीच्या माझ्या मूल्यमापनात सहकार्याची वृत्ती कमी असल्याचा शेरा आला.

याला प्रामाणिकपणा म्हणून खूण करायला हरकत नाही, पण मला ते सरळ वाटत नाही. ते साहेब अप्रामाणिक नव्हते. कामगाराच्या मुलीच्या लग्नाला स्वतःच्या खिशातून पैसे देणारा, रात्रपाळीत कोणी आजारी पडले तर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणारा तो माणूस होता. ऑर्डर गेली तर ओव्हरटाइम जाईल आणि ओव्हरटाइमवर ज्यांचे हप्ते अवलंबून आहेत त्यांचे काय, हे त्याच्या डोक्यात होते. माझ्या डोक्यात ते आले नाही, हेही खरे आहे. भाचीच्या वहीतले पान आम्हां दोघांना दिले असते तर दोघांनीही प्रामाणिकपणावरच खूण केली असती. आमचा फरक त्या खुणेत दिसला नसता, तो टँकर गेटवर उभा असताना दिसला. आणि त्याच साहेबांना प्रयोगशाळेत व मला उत्पादनात ठेवले असते, तर आम्ही दोघेही निकृष्ट कर्मचारी ठरलो असतो, यात मला शंका नाही.

कोणी म्हणेल, ही सगळी पोट भरलेल्यांची चैन आहे. आधी पोटोबा, मग हे असले विठोबा. मीही काही काळ असेच मानत होते. आमच्याकडे विजेचे काम करायला किसननगरचा एक तरुण येतो, आयटीआयमधून वायरमन झालेला. मध्यंतरी त्याला एका मॉलमध्ये देखभालीची नोकरी मिळाली होती: ठरलेला पगार, पीएफ, थंडगार हवा, गणवेश. वर्षाच्या आत त्याने ती सोडली. कारण विचारले तर पंखा खाली उतरवता उतरवता म्हणाला, "ताई, तिथं काही बिघडेपर्यंत नुसतं उभं राहायचं. बसलं तर ओरडतात. एखादं कनेक्शन सैल दिसलं आणि आपणहून घट्ट केलं तरी ओरडतात, कंप्लेंट आल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणतात." आता पावसाळ्यात त्याला कामे मिळतात आणि उन्हाळ्यात ओढाताण होते, बायको त्या नोकरीची आठवण काढते, आणि तो मात्र स्कूटरला पिशवी अडकवून फिरतो. सैल तार दिसूनही हात न लावणे त्याला जमले नाही. हे मूल्य नाही तर काय आहे? गरिबाला निवड कमी असते. पण असह्य काय आहे हे त्यालाही श्रीमंताइतकेच स्पष्ट कळते.

निवड मुळात मिळते का, हा प्रश्न आपल्याकडे चाचण्यांच्या फार आधी येतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि अखेर करू न दिले गेलेले भाषण डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये स्वतः छापले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यातले म्हणणे सर्वांना ठाऊक असते. त्याच ठिकाणी ते पुढे सांगतात की ही विभागणी व्यक्तीच्या नैसर्गिक कुवतीवर आधारलेली नाही, आणि माणसाला स्वतःचा व्यवसाय निवडण्याइतके समर्थ करणे समाजाच्याच कार्यक्षमतेसाठी आवश्यक आहे. उद्योग स्थिर नसतात, म्हणून माणसाला व्यवसाय बदलण्याची मोकळीक हवी. आणि ज्या कामात माणसाचे मन नाही आणि बुद्धीही नाही, त्यात कार्यक्षमता कोठून येणार, असेही ते विचारतात. बोस्टनच्या कार्यालयात बसलेल्या पार्सन्सला माणूस आणि काम यांचा मेळ घालायचा होता. इथे आधी तो मेळ जन्माने लावून टाकणारी गाठ सोडवायची होती. वागळे इस्टेटमधले भोंगे एकामागून एक बंद झाले आणि तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा वडिलांच्या वयाच्या माणसांना उद्योग स्थिर नसतात याचा अर्थ कळला. दुसरे काही करण्याची मोकळीक मात्र वयाने आणि हप्त्यांनी काढून घेतली होती. आज मुलांना जो अहवाल हाती मिळतो, त्याची रंगीत वर्तुळे मला हास्यास्पद वाटली तरी ते पान समोर येणे ही साधी गोष्ट नाही, असेही त्या क्षणी वाटून जाते. आमच्या आजीला असे पान कोणी दाखवले नव्हते.

पुढच्या भेटीत मी भाचीला चौकटींविषयी काही विचारले नाही. शाळेत तुला सर्वांत जास्त राग कशाचा आला, एवढेच विचारले. ती तत्काळ म्हणाली, "ग्रुप प्रोजेक्टचा. काम मी करायचं आणि नाव सगळ्यांचं." मग थोडे थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "नाही, नाव लावलं त्याचा नाही आला. त्यांनी त्यांची पानं तशीच गचाळ दिली आणि बाईंनी ती चालवून घेतली, त्याचा आला." बहिणीला हे बोलणे वायफळ वाटत होते. अकरावीच्या ऑनलाइन अर्जाची मुदत जवळ आली होती, दहा कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता आणि मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या तिने मोबाइलवर उघडून ठेवल्या होत्या. शेवटी विज्ञान शाखा भरली गेली, कारण फिजिओथेरपीचा रस्ता तिथून जातो आणि नाही जमले तर बाहेर पडायला दारे जास्त आहेत, असे सर्वांचे मत पडले. मीही त्याला विरोध केला नाही. पंधराव्या वर्षी दारे उघडी ठेवणे हे भित्रेपणाचे लक्षण आहे, असे मला वाटत नाही. वडिलांच्या वेळी तीच नव्हती.

मात्र कॉलेज सुरू होईपर्यंतचे दिवस रिकामे होते, म्हणून नौपाड्यातल्या एका ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारून तिला सकाळी त्यांच्या दवाखान्यात बसायला पाठवले. काही करायचे नाही, फक्त पाहायचे, अशी अट त्यांनी घातली होती. तिने पाहिले ते असे: गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले आजोबा पाय वाकवताना दातओठ खातात आणि बाई त्यांच्याशी नातवाच्या मुंजीविषयी बोलत राहतात, तोच व्यायाम, तेच आकडे, तेच "अजून पाच" दिवसभर चालते, मानदुखीवाला संगणक अभियंता घरी काहीच करत नाही आणि रोज नवी सबब सांगतो. आठवड्याने मी बहिणीकडे गेले तेव्हा भाची जेवताना सारखी दवाखान्याविषयी बोलत होती. परंतु आजोबांविषयी नाही आणि मुंजीविषयीही नाही. तिथे पेशंटच्या वेळा एका फाटक्या वहीत लिहितात, दोघांना एकच वेळ दिली जाते, मग एक जण बाकावर ताटकळतो, मागच्या वेळी गुडघा किती अंश वाकला होता ते शोधायला बाईंना सहा पाने उलटावी लागतात, आणि हे कोणालाही खटकत नाही, यावर ती तावातावाने बोलत होती. "म्हणजे हिला पेशंट आवडले नाहीत," बहीण काळजीच्या सुरात मला म्हणाली. मला तसे वाटले नाही. बाकावर ताटकळणाऱ्या माणसाची दया आल्याशिवाय वहीचा एवढा राग येत नाही, असे मी म्हटले. बहिणीने मान हलवली, पण तिला ते पटलेले दिसले नाही. कदाचित तिचेच बरोबर असेल.

"मी त्यांना विचारलं," भाची भाताचा घास तसाच हातात ठेवून सांगत होती. "सोमवारपासून ती वही मी नव्याने आखून देणार आहे. प्रत्येक पेशंटचं एक पान, आणि वेळांचा वेगळा तक्ता. त्या म्हणाल्या, कर, पण जुनी वही फेकायची नाही."